घरातली थंडी आणि घराचा कर

आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांनी आता जपानमध्ये स्वतःचे घर घेतले आहे. घर घेताना स्टेशन किती मिनिटांवर, शाळा कोणती, हे आपण बारकाईने बघतो. खिडक्या मात्र कोणी बघत नाही. आम्हीही बघितल्या नाहीत. पहिल्याच जानेवारीत साताऱ्याहून आई आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, बाहेरच्यापेक्षा तुझ्या घरातच गारठा जास्त!" रोज सकाळी काचांवरून पाणी ओघळायचे आणि पडद्यांना काळी बुरशी धरायची.

मी रसायनशास्त्राचा माणूस, त्यामुळे कारण कळायला वेळ लागला नाही. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर हवेतल्या वाफेचे पाणी होते. जुन्या घरांत एकेरी काच आणि ॲल्युमिनियमची चौकट असते. प्लॅस्टिकच्या चौकटीच्या मानाने ॲल्युमिनियम सुमारे हजारपट उष्णतावाहक. म्हणजे हीटरचे पैसे सरळ खिडकीबाहेर! उपाय दोन: आतून दुसरी खिडकी ('उचिमादो') बसवणे किंवा चौकटीसकट दुहेरी काच घालणे. मॅन्शनमध्ये बाहेरची खिडकी सामाईक मालकीची मानतात, म्हणून तिथे उचिमादो सोयीची; तरी 'कानरी कुमिआई'ला आधी विचारावे.

आता पैशांचे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २००८ साली अशा कामांसाठी पैसे देऊन ते घरपट्टीबरोबर हप्त्यांनी वसूल करण्याची योजना काढली. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल यांसाठी महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते. जपानची पद्धत पुण्याच्या जवळची आहे. इथे कर्ज नाही, सूट आहे. 'कोतेइ शिसानझेइ' हा घरजमिनीचा वार्षिक कर. सर्वसाधारण दर मूल्यांकनाच्या १.४ टक्के. ऊर्जाबचतीच्या दुरुस्तीसाठी त्यात २००८ पासून सवलत आहे. २०२२ च्या सुधारणेनंतरच्या मुख्य अटी अशा:

१. घर १ एप्रिल २०१४ किंवा त्याआधीचे असावे. भाड्याने दिलेल्या घराला सवलत नाही.
२. कामात खिडक्या हव्यातच. जोडीला जमीन, छत किंवा भिंतींचे उष्णतारोधन चालते; नुसती जमीन केली तर चालत नाही.
३. अनुदान वजा जाता खर्च ६ लाख येनपेक्षा जास्त हवा.
४. काम पूर्ण झाल्यावर ३ महिन्यांच्या आत, वास्तुतज्ज्ञ वगैरेंच्या दाखल्यासह, नगरपालिकेच्या कर विभागात अर्ज द्यावा. तोक्योच्या २३ वॉर्डांत तो 'तोझेइ जिमुशो'त द्यायचा.

मिळते काय? काम पूर्ण झाल्याच्या पुढच्या एका वर्षाच्या करातून १/३ सूट, तीही फक्त घरावरच्या करात आणि १२० चौरस मीटरपर्यंतच्या भागावर. जमिनीचा कर तसाच राहतो. समजा, १०० चौरस मीटरच्या घराचा कर ९० हजार येन आहे, तर सूट ३० हजार. फार मोठी रक्कम नाही. म्हणून आधी अनुदान बघावे. पर्यावरण मंत्रालयाने खिडक्यांसाठी २०२३ साली अनुदान सुरू केले. त्याचा अर्ज नोंदणीकृत कंत्राटदारच करतो, म्हणून करार करण्यापूर्वीच त्याला विचारा. आता तिसरी अट पुन्हा वाचा. काम ७ लाखांचे आणि अनुदान २ लाख असेल, तर तुमचा खर्च ५ लाख, आणि करसवलत गेली. तरीही फायदा अनुदानातच. ३० हजारांसाठी २ लाख सोडू नयेत.

आमचे काय झाले? २०२३ च्या शरद ऋतूत खिडक्या बसल्या, पाणी थांबले, बुरशी गेली. अनुदान मिळाले. कंत्राटदाराने दाखलाही दिला होता. तो मी 'नंतर बघू' म्हणून खणात ठेवला. पुढच्या वर्षी कराचे बिल आले तेव्हा तो आठवला. ३ महिने केव्हाच उलटले होते. डॉक्टरेट असूनही अर्ज विसरता येतो, हे सौ. अजून पाहुण्यांना सांगते.

सवलतीची मुदत आणि अटी सरकार वेळोवेळी बदलते. म्हणून काम ठरवण्याआधी कर विभागात एकदा जाऊन यावे. जपानी अर्ज वाचायला अडचण वाटत असेल, तर कागद घेऊन मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला या. चहा घेता घेता मिळून भरू. फक्त खणात ठेवू नका!