जुन्या कॅमेऱ्यासाठीं स्वस्त फिल्म

सागवानी लाकडाची पेटी, तिला जोडलेला चामड्याचा भाता, पितळी नळींत बसविलेलें भिंग आणि छायाचित्रकारानें डोक्यावर ओढून घ्यावयाचें काळें कापड, अशी सामग्री सोलापुरांतील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अगर जुन्या स्टुडिओच्या कपाटांत आढळली, तर तिची वाट बहुधा ठरलेली असते. ती जुन्या बाजारांत जाते, नाहीं तर उपाहारगृहाच्या भिंतीची शोभा होते. वास्तविक अशा कॅमेऱ्यांत बिघडण्यासारखें फार थोडें असतें. भात्याला भोक पडलें असेल तर काळ्या कापडाचें ठिगळ लावतां येतें. भिंगावर बुरशी नसेल तर तें शंभर वर्षांनंतरहि पहिल्यासारखेंच काम देतें. खरी अडचण येते ती फिल्मची.

या कॅमेऱ्यांचीं मापें काचेच्या प्लेटांवरून ठरलेलीं होतीं. पाव प्लेट म्हणजे ३.२५ × ४.२५ इंच, अर्धी प्लेट ४.७५ × ६.५ इंच आणि पूर्ण प्लेट ६.५ × ८.५ इंच. पुढें काचेची जागा सुट्या तुकड्यांच्या फिल्मनें घेतली. अशी फिल्म इंग्लंडांतील इल्फर्ड, अमेरिकेंतील कोडॅक आणि चेक देशांतील फोमा या कारखान्यांत आजहि तयार होते. परंतु ती परदेशांतून यावयाची, म्हणून वाहतूक व जकात मिळून एकेका चित्राचा खर्च हौशी माणसाला जड जातो. १९६० सालीं निलगिरींत उदकमंडलम् येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती व तिची ‘इंदू’ फिल्म देशभर खपत असे. तीहि आतां बंद पडली आहे. अशा स्थितींत ज्या फिल्मकडे जगांतील अनेक हौशी लोक वळले, ती मूळची छायाचित्रांसाठीं नव्हेच; ती रुग्णालयांतील क्ष-किरणांची फिल्म होय.

हाडांचें चित्र घेणारी फिल्म साध्या कॅमेऱ्यांत कशी चालते, असा प्रश्न साहजिक आहे. १८९५ सालीं राँटजेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला, त्यानंतर थोड्याच काळांत असें दिसून आलें कीं, हे किरण फिल्ममधून बहुतांशीं आरपार निघून जातात व तिच्यावर फार थोडा परिणाम करतात. म्हणून फिल्मच्या दोन्ही बाजूंस चमकणाऱ्या द्रव्याचे पडदे ठेवण्याची रीत पडली. किरण पडद्यावर पडले कीं पडदा निळा किंवा हिरवा उजेड देतो आणि फिल्मवर चित्र उमटतें तें मुख्यतः या उजेडानें. म्हणजे ही फिल्म मूलतः उजेडाचीच फिल्म आहे. पडदे दोन असल्यामुळें तिच्या दोन्ही अंगांस रासायनिक लेप दिलेला असतो. कांहीं फिल्मला केवळ निळा उजेड दिसतो, कांहींना निळा व हिरवा दोन्ही. कॅमेऱ्यासाठीं हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा.

येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी. आज अनेक रुग्णालयांत चित्र संगणकावर घेतात व उष्णतेनें छापणाऱ्या कोरड्या फिल्मवर उमटवितात. दिसण्यांत ती जुन्या फिल्मसारखीच असते. परंतु ती द्रावणांत धुऊन तयार होत नाहीं व या कामीं सर्वस्वी निरुपयोगी आहे. दुकानांत विचारतांना द्रावणांत धुवावयाची, म्हणजे ओली प्रक्रिया करावयाची फिल्म हवी, असें स्पष्ट सांगावें. पूर्वीं सरसकट मिळणारी ही वस्तु आतां शोधावी लागते आणि मागणी घटत जाईल तशी ती अधिकाधिक दुर्मिळ होईल. ज्याला प्रयोग करावयाचा आहे त्यानें तो लांबणीवर न टाकणें बरें.

या फिल्मला तांबडा रंग दिसत नाहीं, आणि तिचे बहुतेक गुणदोष याच एका गोष्टींतून निघतात. तांबडी वस्तु चित्रांत काळी येते. कपाळावरचें कुंकू काळ्या टिकलीसारखें दिसतें, ओठ गडद होतात, सांवळा वर्ण आहे त्याहून अधिक सांवळा भासतो. सोलापुरी चादरीवरील लाल नक्षी काळी पडते. निळें आकाश मात्र पांढरें फटफटीत होतें. आजोबा-पणजोबांच्या काळच्या अनेक चित्रांत हेंच दिसतें, कारण त्या वेळच्या पुष्कळशा प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. याच दोषाचा एक मोठा लाभ आहे. अंधारखोलींत गडद तांबडा दिवा लावून काम करतां येतें. दिवा निर्धोक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं फिल्मच्या तुकड्यावर एक नाणें ठेवावें, पांच मिनिटें तसेंच राहूं द्यावें व मग तुकडा धुवावा. नाण्याची आकृति उमटली तर दिवा सदोष समजावा.

८ × १० इंचांच्या एका फिल्ममधून अर्ध्या प्लेटचे दोन अगर पाव प्लेटचे चार तुकडे निघतात. तुकडा मापापेक्षां केसभर लहान कापावा, नाहीं तर तो खांचेंत अडकतो. जुनी पेटी काचेसाठीं केलेली. फिल्म काचेहून पुष्कळ पातळ. ती तशीच घातली तर मागें सरकते आणि चित्र अस्पष्ट येतें. यासाठीं पूर्वीं पत्र्याच्या पातळ चौकटी मिळत. त्या नसल्यास फिल्मच्या मागें काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा असा बसवावा कीं, फिल्मचा दर्शनी भाग काचेच्या दर्शनी भागाच्या जागीं येईल.

उजेड किती वेळ द्यावा, हें पुस्तकावरून ठरविण्यापेक्षां एक तुकडा खर्चून ठरवावें. फिल्मवरील सरकतें झांकण पूर्ण उघडून एक सेकंद उजेड द्यावा. मग झांकण पावभर आंत सारून पुन्हां एक सेकंद, अर्ध्यावर आणून दोन सेकंद व पाऊण भागावर आणून चार सेकंद द्यावे. एकाच तुकड्यावर एक, दोन, चार व आठ सेकंदांचे चार पट्टे मिळतात आणि योग्य वेळ डोळ्यांना दिसते. ही फिल्म मंद असल्यामुळें भिंगाचें छिद्र बारीक केलें असतां भिंगाची टोपी हातानें काढून पुन्हां लावण्याइतका अवकाश मिळतो. जुन्या कॅमेऱ्याला झडप नसली तरी अडत नाहीं. सायंकाळच्या तांबूस उजेडांत मात्र फिल्म आणखी मंद होते, हें ध्यानांत ठेवावें.

सोलापुरांत सर्वांत अवघड भाग पुढेंच आहे. फिल्म धुण्याचीं द्रावणें सामान्यतः २० अंश उष्णतेसाठीं ठरविलेलीं असतात, आणि येथें वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. नळाचें पाणीहि कोमट येतें. अशा पाण्यांत फिल्मवरील सरसाचा लेप मऊ होऊन नखाच्या स्पर्शानें निघतो. एक द्रावण गरम व दुसरें थंड असेल तर त्याला सूक्ष्म सुरकुत्या पडतात. उपाय घरचाच आहे. सोलापूरची हवा उन्हाळ्यांत कोरडी असते, म्हणून माठांतील पाणी चांगलें निवतें. तें पाणी वापरावें, तबकें गार पाण्याच्या परातींत ठेवावीं आणि काम पहाटे करावें. सर्व द्रावणांची उष्णता एकसारखी राखणें हें ती नेमकी २० अंशांवर आणण्याहून महत्त्वाचें. शक्य असल्यास शिकण्यास आरंभ पौष-माघांतच करावा.

लेप दोन्ही अंगांस असल्यामुळें ओरखड्यांचें भय दुप्पट. तबकाच्या तळाशीं गुळगुळीत काच ठेवावी, एका वेळीं एकच तुकडा घ्यावा व डेव्हलपर नेहमींपेक्षां पातळ करावा. वैद्यांना काळें-पांढरें ठळक हवें असतें, म्हणून ही फिल्म स्वभावतः कडक आहे. पातळ द्रावणानें तिचा कडकपणा कमी होऊन मधल्या छटा टिकतात. तांबड्या दिव्यांत चित्र उमटतांना दिसत असल्यामुळें केव्हां थांबावें तें समजतें. नंतर हायपोंत, फिल्म पारदर्शक होण्यास लागेल त्याच्या दुप्पट वेळ ठेवून भरपूर पाण्यानें धुवावी. वापरलेल्या हायपोंत चांदी उतरलेली असते. तो विहिरींत किंवा झाडांच्या आळ्यांत ओतूं नये.

निगेटिव्ह मोठी असल्यामुळें ती वाढविण्याचें यंत्र लागत नाहीं. कागदावर काचेखालीं दाबून ठेवली कीं त्याच मापाचें चित्र छापतां येतें. १८४२ सालीं जॉन हर्शेल यांनीं शोधलेली निळ्या छपाईची पद्धत याला विशेष अनुकूल आहे. तिला चांदीचा कागद नको, ऊन मात्र भरपूर हवें, आणि सोलापुरांत त्याची वाण नाहीं. निगेटिव्हचा कडकपणाहि येथें उपयोगी पडतो.

विषयाची निवड विचारपूर्वक करावी. गड्ड्याच्या यात्रेंतील चालते नंदीध्वज व पांढऱ्या बाराबंदींतील मानकरी या फिल्मला पेलणार नाहींत. हालचालीनें चित्र पुसट होईल व पांढऱ्या वस्त्रांच्या घड्या हरवतील. उलट भुईकोट किल्ल्याचे बुरूज, तळ्याच्या पाण्यांतील सिद्धेश्वराचें देऊळ, इंद्रभुवनाचें कोरीव काम, सावलींत स्थिर बसलेली घरांतील वडील मंडळी, हे विषय तिला साधतात. पहिले कांहीं तुकडे वाया जातील, हें गृहीत धरूनच बसावें. आयात फिल्मच्या बाबतींत तें नुकसान शिकणाराला परत फिरवितें; या फिल्ममध्यें तें सोसण्याजोगें असतें. हात बसल्यावर, घरांतील एखाद्या मोठ्या प्रसंगासाठीं उत्तम फिल्मची एखादी पेटी मागवावी. तोंवर माळ्यावरचा कॅमेरा खालीं उतरलेला असेल आणि तो चालविणारें एक माणूस घरांत तयार झालेलें असेल.