आयोवाचा मका, मेक्सिकोचं शेत

फेब्रुवारी 1941. मेक्सिकोची शेती सुधारण्यासाठी पैसा ओतावा की नाही, याचा विचार न्यूयॉर्कचं रॉकफेलर फाउंडेशन करत होतं. अमेरिकेचे नवनिर्वाचित उपाध्यक्ष हेन्री वॉलेस नुकतेच मेक्सिकोचा दौरा करून आले होते. वॉलेस मूळचे आयोवाचे, आणि संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढणारे. तेव्हा मेक्सिकोतही मक्याचं उत्पन्न वाढवायचं, ही दिशा जवळपास ठरल्यासारखीच होती. फाउंडेशनने ज्यांना मत विचारलं, त्यांत बर्कलीचे भूगोलाचे प्राध्यापक कार्ल सॉअर होते. त्यांनी जे लिहून पाठवलं ते ऐकणाऱ्यांना रुचणारं नव्हतं. अमेरिकी पीकशास्त्रज्ञ आपली बाजारू वाणं घेऊन जोरात कामाला लागले, तर मेक्सिकोचं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बियाणं कायमचं नष्ट करतील, असा इशारा त्यांनी दिला. मेक्सिकोपुढे आयोवाचा आदर्श ठेवणं सगळ्यांत धोक्याचं, हेही स्पष्ट सांगितलं.

हा माणूस शेतीकडे असा का बघत होता, याचं उत्तर त्यांच्या घरच्या पत्रांत आणि टिपणांत शोधावं लागतं. सॉअर यांचा जन्म 1889 चा, मिझुरीतल्या वॉरेंटनचा. जर्मनीहून आलेल्या कुटुंबांचं हे छोटं गाव. वडील तिथल्या जर्मन मेथडिस्ट कॉलेजात शिकवत. मुलाची काही वर्षं जर्मनीतल्या शाळेत गेली. पुढे शिकागोत डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तो घराजवळच्या ओझार्क डोंगराळ भागाचा. 1923 मध्ये ते बर्कलीला आले आणि मेक्सिकोत हिंडू लागले. त्यांची कागदपत्रं आज बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत. मायकेल विल्यम्स यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. 1942 मध्ये दक्षिण अमेरिकेतून त्यांनी फाउंडेशनला लिहिलेल्या पत्रांचंही स्वतंत्र पुस्तक झालं आहे.

घरातला हा धागा मुलानेही पुढे नेला. जोनाथन सॉअर वनस्पतींचा भूगोल अभ्यासू लागले आणि 1950 मध्ये त्यांचा मोठा निबंध आला, तो राजगिऱ्यावर. आपल्या उपासाच्या ताटातला हा दाणा मूळचा अमेरिका खंडातला. अ‍ॅझ्टेक राजाच्या कोठारात तो खंडणी म्हणून येई. त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत, म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंचा त्यावर राग. तोच राजगिरा कोणत्याही योजनेविना, हातोहाती भारतात पोहोचला आणि हिमालयाच्या उतारांवर असा रुजला की परका वाटेना. शेतकरी नवं पीक घ्यायला तयार नसतो, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

शेतकरी अडाणी नसतो, हाच कार्ल सॉअर यांचा मुद्दा होता. मेक्सिकोचं मिल्पा म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. भोपळ्याचा वेल जमीन झाकून ओल धरतो. घरात मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. सोबतीला घेवडा असतोच. हे जेवण अडाण्याचं नाही, मेक्सिकोच्या शेतकऱ्याची अडचण त्याच्या रीतीत नसून आर्थिक परिस्थितीत आहे, असं सॉअर यांचं मत होतं. ज्वारीच्या रानात तुरीचे तास आणि मूग-उडीद घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

फाउंडेशनने ऐकलं नाही. 1943 मध्ये कार्यक्रम सुरू झाला, 1944 मध्ये गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाले. पुढचा गव्हाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. याच कार्यक्रमातल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोभरचा देशी मका गोळा करून त्याचे 25 वंश नोंदवले, हे काम थोरच. पण शीतगृहात ठेवलेलं बी आणि दरवर्षी पेरून, निवडून, शेजाऱ्याला देऊन राखलेलं बी यांत फरक आहे. शेतातलं बी पाऊस, कीड आणि माणसाची चव यांच्याबरोबर बदलत राहतं. शीतगृहात ते थांबतं.

ती वाट आपल्याकडेही आली. 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं भारतात उतरलं. त्याआधी, 1964 मध्ये, सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, आणि त्यामागच्या संशोधनालाही रॉकफेलर फाउंडेशनचा हातभार होता. खरिपाच्या रानांत ‘हायब्रीड’ पसरली. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी असलेल्या पिढीला अधिक दाण्याचं मोल कुणी शिकवू नये, आणि त्या शास्त्रज्ञांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण हायब्रीडचं ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. ती लवकर पिके, आणि परतीच्या पावसात दाणा काळा पडे. हेक्टरी क्विंटल मोजताना बैलाची वैरण आणि घरची भाकरी या गोष्टी हिशेबात मागे पडल्या. सॉअर यांची भीती शब्दशः खरी ठरली असं नव्हे. शेतकऱ्याच्या रीतीत काय मोलाचं आहे हे आधी पाहिलं का, हा त्यांच्या इशाऱ्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र इथेही तितकाच लागू होता.

रब्बीत वेगळं घडलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राने शेतकऱ्यांच्याच मालदांडी या देशी ज्वारीतून स्वातंत्र्यापूर्वी निवडलेला एम 35-1 हा वाण टिकून राहिला. जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो येतो, दाणा मोत्यासारखा, भाकरी मऊ आणि गोड, कडबा जनावरं आवडीने खातात. संकरित ज्वारीला रब्बीत त्याची जागा घेता आली नाही. म्हणूनच रब्बी ज्वारीचं नवं वाण तपासताना आजही शेजारी मालदांडी पेरतात, आणि दाण्याच्या वजनाबरोबर कडबा किती निघाला, भाकरी कशी झाली, हेही पाहतात.