जॅक गळतो कोठून? आधी ते पाहा, मग सील बदला



गाळप हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग होते, ट्रॉलीचे टायर बघितले जातात, हुक आणि पिना तपासल्या जातात. जॅक मात्र टूलबॉक्समध्ये तेलकट पोत्यात गुंडाळून पडलेला असतो. त्याची आठवण होते ती भरलेली ट्रॉली वाटेत बसल्यावर. जुना हायड्रॉलिक जॅक का गळतो, गळती कोणत्या जागी आहे हे कसे ओळखावे आणि दुरुस्ती कशी करावी, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

समजा, देऊळघाटच्या शिवारात काळ्या रानातून उसाची ट्रॉली बाहेर काढताना चाक पंक्चर झाले. ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस आहे. चार चाकांची ट्रॉली धरली तरी एका चाकावर अडीच-तीन टन वजन येते. जॅक लावला, चाक उचलले, नट सोडले. तेवढ्यात जॅक बोटभर खाली आला. गडी म्हणतो, "थोडा उतरतोय, पण चालतंय." हे 'चालतंय' फार महागात पडते. चाक काढलेले आणि माणूस खाली वाकलेला असताना जॅक बसला तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून गळणारा जॅक ही तेलाच्या खर्चाची बाब नसून माणसाच्या जिवाची बाब आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

जॅक वजन कसा पेलतो?

तेल दाबले तरी ते जवळपास आकसत नाही. बंद जागेतल्या तेलाला एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने सांगितलेल्या या नियमावर जॅक चालतो.

हिशेब करून पाहू. पंपाचा बारीक दांडा १ सेंमी व्यासाचा आणि वर येणारा मुख्य दांडा ४ सेंमी व्यासाचा धरा. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. हँडलच्या तरफेने आपला जोर साधारण पंधरापट होतो. हाताने २० किलोचा जोर लावला तर पंपावर ३०० किलो येतात आणि मुख्य दांड्यावर ४,८०० किलो, म्हणजे जवळजवळ पाच टन. घर्षणात थोडे वाया जाते ते वेगळे. त्या वेळी आतल्या तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला ३८० किलोच्या घरात असतो. एवढ्या दाबाखालच्या तेलाला केसाएवढी फट सापडली तरी ते तिथून वाट काढते.

ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा याने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्यालाही गळतीनेच छळले होते. दाब वाढला की दांड्याभोवतीने पाणी बाहेर यायचे, आणि पॅकिंग आवळावे तर दांडा हलायचा नाही. त्यावर चामड्याच्या वाटीसारख्या सीलचा उपाय निघाला. त्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. वाटीत दाब शिरला की तिचा काठ फाकतो आणि भिंतीला घट्ट चिकटतो. दाब जितका जास्त, तितकी पकड जास्त. आजचे रबरी वाटी-सील याच तत्त्वावर चालते. म्हणून सील उलटे बसले तर ते नवे असूनही गळणारच, आणि नट कितीही आवळला तरी गळती थांबणार नाही.

गळती ओळखण्याच्या खुणा

जॅक डिझेलने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावा. कागदावर उभा ठेवून दहा-पंधरा वेळा वर-खाली करावा. मग हलके वजन देऊन पाहावे.

१) दांड्याभोवती वरच्या नटापाशी ओल दिसली तर वरचे सील किंवा दांड्याचा पृष्ठभाग खराब आहे.

२) हँडलच्या बारीक पंपापाशी तेल आले तर तेथील छोटी ओ-रिंग गेली आहे. हे काम सर्वांत सोपे असते.

३) तेल भरण्याच्या रबरी बुचातून तेल येत असेल तर बहुधा तेल जास्त झाले आहे किंवा जॅक आडवा ठेवला आहे. दांडा वर असताना तेल भरले की असे होते. यात दुरुस्ती काहीच नसते.

४) बाहेर थेंबही नाही, पण वजन हळूहळू खाली येते. ही आतली गळती. तेल मुख्य दांड्याच्या वाटीजवळून किंवा सोडायच्या स्क्रूखालच्या छर्‍याजवळून परत टाकीत जाते. सर्वांत धोक्याची गळती हीच, कारण जॅक वरून कोरडा ठणठणीत दिसतो.

५) दांडा स्पंजासारखा दबतो, झटके देत वर येतो. ही गळती नाही, आत हवा शिरली आहे. सोडायचा स्क्रू ढिला करून, बूच काढून हँडल दहा-पंधरा वेळा जोरात मारावे. हवा निघून जाते.

दुरुस्ती

जॅकवर वजन नसावे आणि दांडा पूर्ण खाली असावा. सोडायचा स्क्रू ढिला करून तेल काढून घ्यावे. निघालेले तेल पांढर्‍या बशीत पाहावे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, चकाकणारे कण दिसले तर आत धातू घासला जात आहे.

आतली गळती असेल तर सील मागवण्याआधी छर्‍याची बैठक साफ करावी. पुष्कळ वेळा मातीचा एक कण छर्‍याखाली अडकलेला असतो, आणि तेवढ्याने तीन टनांचे वजन खाली येते. स्क्रू काढताना छर्रा आणि स्प्रिंग घरंगळून हरवतात, म्हणून खाली ताट ठेवावे. बैठक डिझेलने धुवावी आणि छर्‍यावर गंज किंवा खड्डा असेल तर त्याच मापाचा नवा घालावा.

सील बदलताना जुने सील फेकू नये. त्यावर आकडे छापलेले असतात, उदा. ४०×५०×१०. म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, सर्व मिलिमीटरमध्ये. जुन्या जॅकचा तयार किट मिळत नाही तेव्हा या आकड्यांवरून सुटे सील मिळू शकते. आकडे पुसले असतील तर दांडा आणि खाचेचे माप व्हर्नियरने घ्यावे. 'जवळपास तेच' माप चालत नाही.

त्यानंतर मुख्य गोष्ट. दांड्यावरून नख फिरवावे. नख कोठे अडकले तर तेथे ओरखडा किंवा गंजाचा खड्डा आहे. असा दांडा नवे सील पुन्हा कापतो, आणि मग आपण दुकानदाराला दोष देतो. वर आलेले बारीक कंगोरे अगदी बारीक पॉलिश पेपरने तेल लावून काढता येतात. खड्डा खोल असेल तर दांडा लेथवाल्याकडे देऊन घासून घ्यावा व हार्ड क्रोम करून घ्यावा, नाहीतर जॅकच बदलावा. लहान जॅकला नवाच घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

नवे सील तेलात बुडवून बोटांनी बसवावे. टोकदार पेचकस लावू नये. वाटीचे तोंड दाबाच्या तेलाकडे असावे. आट्यांवरून सील सरकवताना आट्यांना कागद गुंडाळावा, म्हणजे काठ कापला जात नाही. फार जुन्या जॅकमध्ये चामड्याची वाटी निघाली तर नवी वाटी रात्रभर तेलात भिजवून मगच बसवावी.

तेल कोणते घालावे?

जॅकला हायड्रॉलिक तेलच लागते. ब्रेक ऑईल कधीही घालू नये. ते वेगळ्या जातीचे असते, त्याने जॅकचे रबर फुगते आणि मऊ पडते. दोन दिवस जॅक छान चालतो, मग सगळीच सीले जातात. वापरलेले इंजिन ऑईलही नको, त्यातली काजळी आणि धातूचे कण छर्‍याखाली बसतात. तेल भरताना दांडा पूर्ण खाली असावा आणि तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंतच घ्यावे.

पालटी ट्रॉलीचा जॅक

शेणखत आणि प्रेसमड वाहणार्‍या ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या तेलावर चालतो. त्यातून गळते ते ट्रॅक्टरचेच तेल. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दर पाच सेकंदांना एक थेंब म्हटले तरी तासाला ३६ मिलिलिटर तेल मातीत जाते. या जॅकच्या टप्प्याटप्प्याच्या दांड्यांवर धूळ आणि खताचा चिकटा बसतो आणि तो सीलवर कानशीसारखा चालतो. काम झाले की दांडे पुसून आत घालूनच ट्रॉली उभी करावी.

नळीची गळती बोटाने चाचपू नये. बारीक भोकातून दाबाने निघालेले तेल कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी तत्काळ दवाखाना गाठावा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

वापरताना

दुरुस्तीनंतर वजन उचलून दांड्यावर खडूची खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. खूण हलली तर काम अपुरे आहे. या चाचणीतही खाली ठोकळे हवेतच.

काळ्या रानात जॅकखाली जाड फळी घालावी, नाहीतर चांगला जॅकही मातीत रुततो किंवा कलतो. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. ट्रॉली उचलली की आधी आसाखाली लाकडी ठोकळे रचावेत, मगच चाक काढावे. जॅक उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी ठोकळे आहेत. पालटी ट्रॉलीचा हौदा वर असताना त्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली हात घालू नये, मग जॅक कालच दुरुस्त केलेला का असेना.

तोडलेला ऊस जेवढा उन्हात थांबेल तेवढे वजन घटते आणि उताराही पडतो, हे आपण सगळे जाणतो. त्यामुळे वाटेत घाई होते, आणि घाईत ठोकळे विसरतात. तरी सभासदांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आपला जॅक एकदा कागदावर उभा करून पाहावा. आपले ड्रायव्हर आणि तोडणी टोळीतली माणसे यांनाही हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती. ट्रॉलीखाली वाकतात ती तीच माणसे.