दुष्काळ, सार्वजनिक कामे आणि नागरिकांचे अर्ज : पुणे सार्वजनिक सभेचा अनुभव (१८७६ ते १८९७)

प्रस्तावना

राज्यकर्त्यापुढे गाऱ्हाणे मांडण्याची पद्धत महाराष्ट्रात ब्रिटिश अमलापूर्वीही रूढ होती. पीक बुडाले म्हणजे रयत साऱ्यात सूट, वसुलीची तहकुबी किंवा तगाई मागत असे व ती देणे हा राजधर्माचा भाग समजला जाई. कंपनी सरकारच्या व पुढे राणीच्या राज्यातही अर्ज चालू राहिले. परंतु त्यांचे स्वरूप हळूहळू बदलत गेले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठविला, तेव्हा याचनेची जागा राज्यकारभाराच्या समीक्षेने घेण्यास प्रारंभ झाला होता. हे स्थित्यंतर दुष्काळाच्या प्रसंगी कसे घडले व त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे सार्वजनिक सभेच्या आधारे केला आहे.

अर्ज करण्याचा अधिकार

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेचे वैशिष्ट्य तिच्या घटनेत होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान ५० व्यक्तींचे मुखत्यारपत्र सादर करावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांना सुमारे ६,००० लोकांनी अशी मुखत्यारी दिली होती. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' हा सरकारचा संभाव्य प्रश्न ओळखून त्याचे उत्तर आधीच तयार ठेवलेले होते. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांची धडाडी आणि १८७१ मध्ये पुण्यास आलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा व्यासंग यांमुळे सभेला कार्याची दिशा लाभली. दुष्काळापूर्वीच सभेने शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी केली होती. त्यामुळे माहिती गोळा करण्याची शिस्त तिच्या अंगवळणी पडलेली होती.

१८७६–७८ चा दुष्काळ

१८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये फसला. पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर, कलादगी आदी जिल्ह्यांत धान्य महाग झाले आणि त्याहून गंभीर म्हणजे शेतमजुरीच नाहीशी झाली. बाजारात धान्य असले तरी ते विकत घेण्यास हाती पैसा नव्हता. म्हणून लोकांना काम देणे हाच मदतीचा मुख्य मार्ग ठरला. नीरा कालव्याचे काम व दौंड–मनमाड लोहमार्ग ही दुष्काळी कामांची ठळक उदाहरणे होत.

या काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून मुंबई सरकारकडे दुष्काळाची निवेदने क्रमाने पाठविली. कोठे कामे उघडली नाहीत, धान्याचा भाव काय आहे, मजुरी पुरते काय, अशा बाबींवर त्यांचा भर होता. सरकारचे अहवाल मामलेदार व कलेक्टर यांच्यामार्फत येत. सभेच्या निवेदनांमुळे त्यांच्या शेजारी माहितीचा दुसरा स्वतंत्र स्रोत उभा राहिला.

खरा वाद मजुरीवर झाला. हिंदुस्थान सरकारने जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी पाहणीसाठी नेमले. १८७३–७४ च्या बिहारमधील दुष्काळात अतिखर्च केल्याची टीका त्यांच्यावर झाली होती. या वेळी काटकसर हेच त्यांचे सूत्र होते. एक पौंड धान्याची किंमत व त्यासोबत अल्पशी रोख रक्कम एवढीच मजुरी पुरेशी मानली गेली. शिवाय मजुरांनी गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जावे, असे धोरण होते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या अटी नाकारून कामे सोडली. सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास इलाख्यात तेथील आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनीही एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही, असा वैद्यकीय आक्षेप घेतला आणि १८७७ मध्ये तेथे मजुरीचे प्रमाण वाढविण्यात आले.

संहिता आणि मान्यतेचा प्रश्न

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामे केव्हा उघडावीत, मजुरी किती द्यावी, अपंग व वृद्धांना फुकट अन्न कोणी पुरवावे, याचे नियम लिखित झाले. या बदलाचे श्रेय केवळ अर्जांना देता येणार नाही; परंतु अर्जांच्या स्वरूपावर त्याचा खोल परिणाम झाला. यापुढे अर्जदार दयेची नव्हे, तर सरकारच्याच नियमांच्या पालनाची मागणी करू शकत होता.

१८९६–९७ च्या दुष्काळात याचा प्रत्यय आला. तत्पूर्वी १८९५ मध्ये सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेली होती व रानडे–गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली होती. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी आता खेड्यापाड्यांत जाऊन संहितेतील तरतुदी व साऱ्याच्या सुटीचे नियम शेतकऱ्यांना मराठीतून समजावू लागले. १८७६ मध्ये माहिती गावाकडून सरकारकडे जात होती. आता नियमांची माहिती उलट दिशेने गावाकडे जाऊ लागली. सरकारला हे सहन झाले नाही. १८९७ मध्ये सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून सभेची मान्यता काढून घेण्यात आली.

मर्यादा

सभेत सरदार, इनामदार, सावकार, वकील व शिक्षक यांचे प्राबल्य होते. खडी फोडणारा मजूर तिच्या निवेदनांचा विषय होता. त्यांचा कर्ता नव्हता. सभेच्या प्रातिनिधिकतेविषयी महात्मा जोतीराव फुले यांनी घेतलेली शंका या दृष्टीने विचारात घ्यावी लागते. मजुरांचा स्वतःचा अर्ज लेखी नव्हता. काम सोडून जाणे हाच त्यांचा अर्ज होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अर्जाचे बळ त्याच्या विनम्र भाषेत नसून त्यामागील माहितीत व प्रातिनिधिकतेत होते. अर्ज दूरवरून येत होते तोवर सरकारने ते स्वीकारले. नियम ज्यांच्यासाठी केले त्यांच्याच हाती ते पडू लागताच अर्जदाराचा अधिकार नाकारला. मदतीची घोषणा आणि मदत मागण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा अभ्यास करतानाही हा भेद उपयुक्त ठरतो.