लाह

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे उतरलं की वैशाखात खडकाखडकांवर कैरीच्या फोडी वाळताना दिसतात. आमचुराचे दिवस. घरं शाकारायचे, नवी उभारायचेही हेच दिवस. आज जिथं जायचं होतं तिथं एक घर उभं राहणार होतं. घरधनी सात वर्षांची शिक्षा भोगून होळीच्या आधी सुटलेला.

मोहाच्या दारूच्या नशेत भांडण झालं, हातातली काठी वर्मी बसली, शेजारच्या पाड्यावरचा माणूस गेला. खटला मराठीत चालला. याची भाषा पावरी. सोबतचा कार्यकर्ता सांगत होता, ‘सात वर्षांत मराठी शिकला. शिक्षा का झाली, ते नंतर कळलं त्याला.’

तुरुंगाच्या दारातून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात सुटकेचा कागद असतो आणि कामाची साठलेली मजुरी. कार्यकर्त्याचं काम तिथून सुरू होतं आणि बरंचसं पायी चालण्याचं असतं. आधी पंच. कोर्टाचा निकाल कोर्टापुरता. दोन घरांमधलं वैर पंच बसल्याशिवाय मिटत नाही. ते बसले, भरपाई ठरली, निम्मी दिली, उरलेली दोन हंगामांत द्यायची. मग रेशनकार्ड, आधार, बँक. जमिनीचं मात्र अडलं नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात विवाहिताचा पट्टा नवराबायकोच्या संयुक्त नावानं होतो. हा आत असताना बायकोनं ती जमीन कसली.

घराचं काय? शबरी घरकुलाची फाईल तिच्या चालीनं चालेल. पाऊस तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून लाह. सातपुड्यात एकाचं काम निघालं की पाडा येतो. मजुरी नाही; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कुणाला पत्रिका जात नाही आणि कुणावर सक्तीही नसते. म्हणूनच कार्यकर्ता सकाळपासून मनातल्या मनात माणसं मोजत होता.

आम्ही पोचलो तेव्हा नऊजण होते. पडक्या घराचे सागाचे खांब उपटून, तासून पुन्हा वापरायला घेतले होते. खड्डे पहारीनं खोल केले जात होते. दोन म्हातारे बांबू उभे चिरत बसले होते. कोयत्याचा एक घाव, मग हातानं ओढत न्यायचं, बांबू करकरत शेवटपर्यंत फाटतो. त्या पट्ट्यांचे कुड विणायचे, वर शेणमाती. दुपारपर्यंत मधला आडा चढवायचा होता.

अडचण तिथंच होती. घराच्या कामात धरणीला, पूर्वजांना मोहाची धार द्यायची असते. लाहला आलेल्यांनाही घरधन्यानं जेवणाबरोबर दारू पाजायची रीत. आणि घरधनी उपचारावर. आत असताना सात वर्षं दारू नव्हती, पण सुटून आल्यावर होळीतच पुन्हा सुरू झाली होती. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डायसल्फिराम दिलेलं. ही गोळी चालू असताना थोडी जरी दारू पोटात गेली तरी छाती धडधडते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात. कधी जिवावरही बेतू शकतं. हे त्याला पावरीत तीनदा समजावून मगच गोळी सुरू झाली. रोज सकाळी बायकोसमोर घ्यायची.

अशा कामाला महाराष्ट्रात जुने आधार आहेत. १९३९ साली औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. त्यावरून १९५७मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पडद्यावर सहा कैदी आणि एक जेलर दिसतात; स्वतंत्रपूरचं खरं वेगळेपण बायकापोरांत होतं. तिथं बंदी कुटुंबासह राहून शेती करतो, म्हणजे सुटण्याआधीच घर सुरू झालेलं असतं. १९८६मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं. दारू सुटण्यात घरच्यांचा वाटा किती असतो, ते तिथं दिसलं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ १९९०पासून बंद्यांसोबत आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो. एकीकडे घर, दुसरीकडे उपचार. इथं मात्र दोन्ही एकाच दुपारी, एकाच आड्याखाली समोरासमोर आले होते.

पुजारा आला. पानाचा द्रोण भरला. त्यानं पुटपुटत धरणीवर धार सोडली, खांबाच्या बुडाशी सोडली. मग द्रोण फिरायला लागला. घरधन्यापाशी आला तेव्हा बायको चुलीपासून उठून उभी राहिली. कार्यकर्ता जमिनीकडे बघत होता. पुजाऱ्यानं द्रोण घरधन्याच्या हाती दिला नाही. त्याच्या पायाजवळच्या मातीत चार थेंब टाकले आणि पुढच्याकडे दिला. म्हणाला, ‘याची वाटणी धरणीनं घेतली.’ कुणी हसलं नाही. आडा चढला.

कार्यकर्त्याला नंतर विचारलं, पुजाऱ्याशी आधी बोलून ठेवलं होतं का? ‘दोनदा जाऊन आलो होतो,’ तो म्हणाला. ‘पहिल्यांदा रागावले. देवाची रीत मी कोण बदलणार, म्हणाले. दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत.’

बाकीच्यांना दारू थोडीच मिळाली, तीही घरापासून लांब, मोहाच्या झाडाखाली. घरात भाकर, उडदाची डाळ आणि काळा चहा. दुपारनंतर माणसं वाढत गेली. उन्हं कलताना खालच्या पाड्यावरून एक तरुण आला. मेलेल्याच्या भाऊबंदांतला. कुणाशी बोलला नाही. कोयता घेतला, अंधारेपर्यंत बांबू चिरले. घरधन्याच्या बायकोनं भाकर पुढं केली तेव्हा मान हलवून नाही म्हणाला आणि उतरून गेला.

परतताना टॉर्चच्या उजेडात कार्यकर्त्यानं वहीत तारखेखाली दोनच ओळी लिहिल्या. सतरा आले. एक जेवला नाही.