मोठी फाईल, छोटी डिस्क

१९९०च्या दशकात साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट माहिती मावे. पाच मेगाबाइटची फाईल न्यायची तर आम्ही तिचे चार तुकडे करून चार फ्लॉप्यांवर घेत असू. एक बिघडली की सारी फाईल गेली! त्यात मॅकिंटॉशच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्या साध्या पीसीला वाचताच येत नसत.

फ्लॉपी गेली, अडचण उरलीच. ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर जागा असूनही ४ गिगाबाइटहून मोठी फाईल बसत नाही. वाचकहो, आजी-आजोबांच्या आठवणींची मोठी चित्रफीत न्यायची असेल, तर पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करावा; विंडोज व मॅक दोन्ही तो वाचतात. मात्र फॉरमॅट करताना आतले सारे पुसले जाते. म्हणून आधी दुसरी प्रत काढून ठेवावी.