गाठीतला गुलाबी रंग

गौलीगुड्यात राहणाऱ्याला मुसी नदी दाखवावी लागत नाही. वारा फिरला की ती आपण होऊन घरात येते. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आपल्या शहराचे सांडपाणी घेऊन पुढे जाते आणि खालच्या गावांत त्याच पाण्यावर भात, भाजीपाला व म्हशींचे पॅरा गवत पिकते. कारखान्यांचे पाणी मिसळले की त्याबरोबर शिसे, जस्त, कॅडमियम हे धातूही शेतात येतात. भाजीत धातू किती उतरला, हे सगळेच विचारतात. मला मात्र मुळांवरच्या जिवाणूंची चिंता वाटते.

विज्ञान शाखेच्या वाचकांना हे नवे नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर गाठी असतात व त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. बायरिंक यांनी १८८८ साली ते प्रथम वेगळे काढले. हवेतला नत्र बांधून ते पिकाला देतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. धातूंशी त्यांचे मुळात वैर नाही. नत्र बांधणाऱ्या विकरात लोह व मॉलिब्डेनम असते. गाठीचा गुलाबी रंगही लोहयुक्त द्रव्याचाच. परंतु कॅडमियम किंवा जादा जस्त त्यांना सोसत नाही. पीक बराचसा धातू मुळातच अडवून ठेवते, त्यामुळे दाणा पुष्कळदा निर्दोष दिसतो. दोन पिकांच्या मधल्या काळात उघड्या मातीत राहणाऱ्या जिवाणूला असा आडोसा कोठला?

इंग्लंडात वोबर्न येथे १९४२ ते १९६१ पर्यंत शेतात मैल्याचा गाळ घातला होता. त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी तेथे पांढरे क्लोव्हर हे द्विदल चाऱ्याचे पीक तपासले. गाठी होत्या, पण नत्र बांधला जात नव्हता. तग धरून राहिलेला जिवाणूचा वाणच निकामी होता. (हजेरी आहे, काम नाही, अशी कार्यालये आपणही पाहिली आहेत!)

मुसीकाठी हे नुकसान सहजासहजी दिसणार नाही. सांडपाण्यातच भरपूर नत्र असतो; पीक हिरवेगार राहते आणि गाठी धरण्याची त्याला गरजच पडत नाही. उद्या शेतकऱ्याने ते पाणी सोडून पावसावर तूर पेरली, तर नत्र संपलेला असेल, धातू मात्र मातीत तसाच असेल.

म्हणून तेथली माती कुंडीत घेऊन, नत्राचे खत न घालता, साध्या पाण्यावर हरभरा लावावा. फुलावर येण्याच्या सुमारास रोप उपटून गाठ ब्लेडने कापावी. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामावर आहे; पांढरट किंवा हिरवट असेल, तर ती माती प्रयोगशाळेत न्यावी.